बोट बंदराला लागली की

आमच्या रायपूरच्या तात्यापाऱ्यात कुणाचा मुलगा 'बोटीवर' लागला की काही महिन्यांत त्याचा एक फोटो सगळ्या नातेवाइकांच्या मोबाइलवर फिरतो. मागे निळंहिरवं पाणी, नारळाची झाडं, डोळ्यांवर गॉगल आणि खाली बोरा बोरा, मार्टिनिक नाही तर नूमेआ असं काहीतरी लिहिलेलं. शारदा चौकापर्यंतचा रस्ता कधी रुंद होणार याची वर्षानुवर्षं वाट पाहणाऱ्या आपल्या मंडळींना वाटतं, पोरगा पगार घेऊन जग हिंडतो आहे. "मजा आहे बुवा तुमच्या चिरंजीवांची," असं त्याच्या वडिलांना कुणीतरी म्हणतंच. फोटो खोटा नसतो. पण त्या दिवशी ड्युटी पहाटे किती वाजता सुरू झाली, उतरायची परवानगी कशी मिळाली आणि किती वाजता परत हजर व्हायचं होतं, हे त्यात येत नाही. क्रूझवर काम करणाऱ्याचा किनाऱ्यावरचा दिवस म्हणजे सुट्टी नसतेच मुळी. दोन ड्युट्यांच्या मधला तो तुकडा असतो. तो कुणाला, कुठे आणि किती मोठा मिळेल, हे ठरतं ते आंतरराष्ट्रीय करार, कस्टमचे नियम आणि बरंचसं नशीब यांवर.

रायपूरपासून समुद्र लांब. जवळचं मोठं बंदर विशाखापट्टणम, तेही रेल्वेने पाचशेहून जास्त किलोमीटर. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांच्या पाठोपाठ छत्तीसगडात आलेल्या मराठी घरांनी कचेऱ्या, शाळा, वकिली हे मार्ग धरले. बोटीवर जाण्याची परंपरा कोकणची आणि गोव्याची. गोव्यात या माणसाला तारवटी म्हणतात. ब्रिटिश काळात पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या बोटींवर कामाची वाटणी गावावरून होई. डेकवर रत्नागिरी आणि गुजरातेतले खलाशी, त्यांच्यावर सारंग, सारंगाच्या हाताखाली टिंडेल. आणि जेवणघर, केबिनी, भटारखाना गोव्याच्या माणसांकडे. पुढची बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागातल्या आपापल्या गावाच्या कुडात मुक्काम करायचा. कूड म्हणजे गावकऱ्यांनी गावकऱ्यांसाठी चालवलेली राहण्याची जागा; ट्रंक ठेवायला कोपरा आणि झोपायला फरशी मिळाली तरी पुष्कळ. आज क्रूझवर केबिन आवरणारा किंवा टेबलावर वाढणारा भारतीय हा त्याच गोवेकरांचा व्यवसायातला वारस. फरक इतकाच, की आता तो हॉटेल मॅनेजमेंट करून नागपूर, डेहराडून, रायपूर कुठूनही येतो, आणि सरकारच्या डीजी शिपिंग खात्याचं सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक आणि समुद्रात जीव वाचवण्याचं सक्तीचं प्रशिक्षण झाल्याशिवाय त्याला बोटीवर पाय ठेवता येत नाही.

वेटरला 'खलाशी' म्हटलं तर तो कदाचित हसेल, पण कायद्याच्या नजरेत तो खलाशीच आहे. सागरी कामगारांसाठीचा २००६चा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला एमएलसी म्हणतात, २०१३ साली अमलात आला आणि भारताने तो २०१५मध्ये मान्य केला. त्यात बोटीवर कुठल्याही पदावर काम करणारा प्रत्येक जण सागरी कामगार धरला आहे. कुठल्याही २४ तासांत निदान १० तास आणि आठवड्यात निदान ७७ तास विश्रांती, ही त्याची चौकट. उलट बाजूने वाचलं तर अर्थ असा, की दिवसाचे चौदा तास राबवून घेणं नियमबाह्य नाही. किनाऱ्यावर उतरण्याबद्दलही करारात कलम आहे: कामगाराच्या आरोग्यासाठी त्याला शोअर लीव्ह दिली पाहिजे, मात्र त्याच्या कामाची गरज सांभाळून. सगळी मेख या शेवटच्या तीन शब्दांत आहे.

बोट धक्क्याला असतानाही आग लागू शकते, म्हणून क्रूमधला ठरावीक हिस्सा नेहमी बोटीवरच ठेवावा लागतो. त्याला इन-पोर्ट मॅनिंग म्हणतात आणि त्याच्या पाळ्या लागतात. आपली पाळी बोरा बोराच्या दिवशी आली तर बोरा बोरा गोल खिडकीतून बघायचं, आणि क्रूच्या केबिनी बहुधा पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा खाली असल्यामुळे खिडकी असेलच असं नाही. प्रवासी उतरले की बोट मोकळी होते, म्हणून क्रूची आगीची आणि लाइफबोटीची कवायतही नेमकी बंदराच्या सकाळीच ठेवतात. ज्या दिवशी जुने प्रवासी जाऊन नवे चढतात त्या दिवशी केबिन स्टुअर्डने बाहेर पडायचं नावच काढू नये.

बोटीवरचा वर्णभेद म्हणा हवं तर, पण किनारा सगळ्यांना सारखा मिळत नाही. बंदरात असताना कस्टमच्या नियमांमुळे कॅसिनो आणि ड्युटी-फ्री दुकानं बंद ठेवावी लागतात. त्यामुळे तिथले कर्मचारी, तसेच वादक आणि नर्तक, दिवसभर मोकळे. वेटरला ब्रेकफास्ट आणि डिनरच्या मधले तीन-चार तास सापडतात. भांडी घासणारा, लाँड्रीवाला, भाज्या चिरणारा यांना त्याहून कमी, कारण प्रवासी बेटावर असले तरी रात्रीचं जेवण शिजायचंच असतं. बोट धक्क्याला न लागता खाडीत नांगरली असेल, आणि बोरा बोरा किंवा मूरेआला ती तशीच नांगरते, तर छोट्या टेंडर बोटींमधून आधी प्रवासी जाणार आणि जागा उरली की क्रू. परत येताना उलट: प्रवाशांच्या वेळेआधी क्रूने हजर राहायचं. म्हणजे पाहुण्यांसाठी सकाळी आठ ते पाच असलेलं बंदर वेटरसाठी साडेअकरा ते अडीच होतं.

आता मुख्य प्रश्न: दुसऱ्या देशाच्या भूमीवर हा माणूस व्हिसाशिवाय उतरतो कसा? १९६५च्या एका करारानुसार, बोट बंदरात आहे तोवर क्रूला शहरात जायला व्हिसा मागू नये असा जगाचा संकेत आहे. पण तो माणूस खरोखर खलाशी आहे हे ओळखायचं कशावरून? त्यासाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २००३ साली बायोमेट्रिक ओळखपत्राचा करार केला. तो सर्वांत आधी, २००४मध्ये, मान्य करणारा देश फ्रान्स. भारताने तो २०१५मध्ये मान्य केला आणि काही वर्षांत तशी ओळखपत्रं द्यायला सुरुवात केली. अमेरिकेने तो मान्य केलेलाच नाही. तिथे मायामीला उतरायचं तर आधी मुंबईतल्या अमेरिकन वकिलातीत जाऊन खलाशांचा खास व्हिसा काढावा लागतो. या करारातली एक तरतूद आपल्या मुलांना माहीत हवी: ओळखपत्र कामगाराच्या स्वतःच्या ताब्यात राहिलं पाहिजे, कॅप्टनने ते जपून ठेवायचं तर कामगाराची लेखी संमती हवी. पासपोर्ट मात्र बहुधा क्रू ऑफिसच्या तिजोरीत असतो आणि गडी बोटीचं कार्ड गळ्यात अडकवून बाहेर पडतो. बोट चुकलीच तर बंदरातल्या एजंटाला गाठायचं. तो पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करतो, आणि परत आल्यावर खुर्चीत बसवून जे ऐकवलं जातं ते वेगळंच.

व्हिशाच्या या सगळ्या झेंगटामागे खलाशी पळून जातील ही जुनी भीतीही आहे. आणि त्यांनी जिथे पळावं अशी जागा म्हणजे बोरा बोरा-ताहितीकडची, आज फ्रेंच बोलणारी बेटं. १७६७मध्ये सॅम्युअल वॉलिसची 'डॉल्फिन' ताहितीला लागली, तेव्हा बेटावर लोखंड नव्हतं. खलाशांच्या लक्षात आलं, की एका खिळ्याला इथे वाटेल ते मिळतं. त्यांनी जहाजाचेच खिळे उपटायला सुरुवात केली, स्वतःच्या झोपण्याच्या झुल्यांचेसुद्धा. पुढे १७८८च्या ऑक्टोबरात 'बाउंटी' तिथे आली ती विलायती फणसाची रोपं न्यायला. कोकणात ज्याला नीरफणस म्हणतात तेच हे फळ. कॅरिबियन बेटांवरच्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालता येईल असा इंग्रज मळेवाल्यांचा हिशेब होता. रोपं तयार होईपर्यंत क्रू पाच महिने ताहितीत राहिला. एप्रिल १७८९मध्ये बोट निघाली आणि तीन-चार आठवड्यांत बंड झालं. कॅप्टन ब्लायला एका उघड्या होडीत बसवून समुद्रात सोडलं आणि रोपं पाण्यात फेकली. पाच महिन्यांच्या शोअर लीव्हचा परिणाम एवढाच होता असं म्हणणं अन्यायाचं होईल, ब्लायची जीभही तिखट होती. पण जहाजमालकांनी धडा घेतलेला दिसतो. आज बोट कुठेही पाच महिने थांबत नाही. तरीही नीरफणस अखेर कॅरिबियनला पोहोचलाच: ब्लायनेच दुसऱ्या फेरीत, १७९३मध्ये, तो नेला.

१८४२च्या जुलैत हर्मन मेलव्हिल नावाचा एक तरुण अमेरिकन खलाशी मार्केसास बेटांतल्या नुकू हिवावर व्हेलच्या शिकारी जहाजातून एका सोबत्याला घेऊन पळाला. त्याच सुमारास फ्रेंच आरमार तिथे झेंडा रोवत होतं. ताहितीही त्याच वर्षी फ्रान्सच्या संरक्षणाखाली आलं. मेलव्हिलने पुढे त्या मुक्कामावर लिहिलेल्या पुस्तकाने त्याचं नाव झालं, 'मोबी डिक' तर नंतरचं. आज कुणी असा पळाला तर कंपनीला दंड आणि त्याच्या मागून येणाऱ्या दहा भारतीयांना कडक तपासणी, हे ठरलेलं.

ताहितीच्या पापीते बंदरात बोट थेट शहराच्या मध्यात लागते, ही क्रूच्या दृष्टीने मोठी सोय, कारण टॅक्सीत वेळ जात नाही. भाजीबाजार चालत गाठता येतो. रविवारी तो पहाटेच भरतो आणि त्यानंतर शहर जवळजवळ मिटतं. फ्रेंच मुलखाची ही सवय आपल्या मुलांना पहिल्यांदा चक्रावते: रविवारी दुकानं बंद, कुठे दुपारच्या जेवणालाही बंद, आणि दुकानात शिरताना आधी 'बाँजूर' न म्हणता थेट भाव विचारला तर मालकीणबाईंचा चेहरा उतरतो. संध्याकाळी धक्क्याजवळच्या चौकात 'रुलॉत' म्हणजे जेवणाच्या गाड्या लागतात. कच्चा टूना मासा लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात घालतात, ती इथली ओळखीची थाळी. बोटीच्या मेसमधल्या भाताला कंटाळलेल्या मालवणी मुलाला ती आवडते. रायपूरचा मुलगा 'कच्चा' या शब्दापाशीच थांबतो आणि फ्रेंच फ्राइज मागवतो.

पैशाचं गणित निराळं. मार्टिनिक, ग्वाडलूप आणि रेयुनियों ही बेटं फ्रान्सचे पूर्ण भाग आहेत, तिथे युरो चालतो. ताहिती आणि नूमेआ ज्यात येतं त्या न्यू कॅलेडोनियात पॅसिफिक फ्रँक, ज्याचा युरोशी भाव बांधलेला आहे: १,००० फ्रँक म्हणजे ८ युरो ३८ सेंट. पगार डॉलरमध्ये, खर्च फ्रँकमध्ये, मनातला हिशेब रुपयांत. ताहितीत जवळपास सगळंच सातासमुद्रापलीकडून येत असल्यामुळे साध्या बर्गरची किंमत रुपयांत करू नये हे बरं. म्हणून क्रू सुपरमार्केट गाठतो. लांबडा फ्रेंच पाव, चीज, शाम्पू, मसालेदार नूडल्सची पाकिटं. बेटाचं सौंदर्य वगैरे नंतर. बहुतेक बंदरांत आधी ही खरेदी, पैसे घरी पाठवणं आणि फोन.

फोनचंही एक घड्याळ आहे. पापीतेत सकाळचे दहा म्हणजे रायपूरला मध्यरात्रीनंतरचा दीड. नूमेआत सकाळचे दहा, तर इथे पहाटेचे साडेचार. मार्टिनिकहून मात्र सकाळी दहाला फोन लावला तर घरी संध्याकाळचे साडेसात, दिवेलागण होऊन गेलेली, आई सापडण्याची खात्रीची वेळ. काही वर्षांपूर्वीपर्यंत बोटीवरचं इंटरनेट मिनिटाच्या हिशेबाने विकत घ्यावं लागे, आणि म्हणून बंदराजवळच्या ज्या कॅफेत फुकट वायफाय मिळे तिथल्या प्रत्येक खुर्चीवर फिलिपिनो, इंडोनेशियन आणि भारतीय क्रू मान खाली घालून बसलेला दिसे. २०२२पासून मोठ्या कंपन्यांनी उपग्रहाचं जलद इंटरनेट बोटींवर आणलं आणि ती गर्दी ओसरू लागली. किनाऱ्यावर उतरून खरोखर किनारा बघण्याची सवड त्यामुळे थोडी वाढली, असं म्हणायला हरकत नाही.

बघताना थोडी काळजी घ्यावी लागते. कॅरिबियन किनाऱ्यांवर मँचिनील नावाचं झाड असतं. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, पण विषारी. पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर गळणाऱ्या चिकाने अंगावर फोड येतात. फ्रेंच बेटांवर पुष्कळ ठिकाणी अशा झाडांच्या खोडावर लाल पट्टा मारलेला असतो. तो दिसला की दुसरी सावली शोधायची. रेयुनियोंमध्ये शार्कच्या हल्ल्यांनंतर २०१३पासून ठरावीक सुरक्षित जागा सोडून पोहण्यावर बंदी घातली गेली. आणि गाडी उजवीकडून. बोरा बोराला फेरी मारणारा रस्ता ३२ किलोमीटरचा, सायकलीवरही होतो, पण भाड्याची स्कूटर घेऊन डावीकडून चालवायची सवय असलेला माणूस पहिल्याच वळणावर गोंधळतो. बिअरचंही असंच. कामावर हजर होताना रक्तातल्या अल्कोहोलची आंतरराष्ट्रीय मर्यादा ०.०५ टक्के, कंपन्या बहुधा त्याहून कडक, आणि गँगवेवर फुंकायला लावणारे असतात.

कॅरिबियनमधल्या मार्टिनिकला बोट फोर-द-फ्रान्समध्ये लागते. उत्तरेला तासाभरावर सेंट पिएर हे जुनं शहर. ८ मे १९०२च्या सकाळी आठच्या सुमारास माउंट पेलेच्या उद्रेकाने ते काही मिनिटांत जाळलं. सुमारे २८ हजार माणसं गेली. खाडीत उभी असलेली जहाजंही जळाली. 'रोराइमा' हे प्रवासी जहाज तिथेच बुडालं, आज पाणबुडे त्याचा सांगाडा बघायला जातात. 'रॉडम' नावाचं एक जहाज भाजलेल्या क्रूनिशी कसंबसं सेंट लुशिया बेटापर्यंत पोहोचलं. शहरातल्या तुरुंगाच्या जाड भिंतींच्या कोठडीतला एक कैदी मात्र वाचला, आणि ती कोठडी अजून उभी आहे.

याच सेंट पिएरला ६ मे १८५३ रोजी 'ऑरेली' हे जहाज पाँडिचेरी-कारैकलकडची माणसं घेऊन लागलं होतं. पुढच्या वर्षी २४ डिसेंबरला तेच जहाज ग्वाडलूपला गेलं. फ्रान्सने १८४८मध्ये गुलामगिरी संपवली, उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून करारावर मजूर आणले. तीसेक वर्षांत ग्वाडलूपला सुमारे ४२ हजार आणि मार्टिनिकला सुमारे २५ हजार भारतीय पोहोचले, बहुतेक तमिळ मुलखातले. त्यांची भाषा गेली, स्वयंपाक राहिला. धणे, जिरं, हळद, मोहरी, मेथी यांची पूड घालून केलेला कोंबडीचा किंवा बकऱ्याचा रस्सा 'कोलंबो' नावाने आज त्या बेटांचं सगळ्यांचं जेवण आहे, गोऱ्यांचं आणि काळ्यांचंही. बायकांच्या पारंपरिक पोशाखातलं चौकड्यांचं कापड 'मद्रास' म्हणूनच ओळखलं जातं. महिनोन्महिने बोटीवरचं सौम्य, सगळ्या देशांना चालेल असं जेवून जीभ मेलेली असते; बंदराजवळच्या एखाद्या खानावळीत कोलंबोचा वास आला की भारतीय क्रू आपोआप आत वळतो. तो करणाऱ्या बाई दिसायला आपल्याकडच्या, नाव फ्रेंच, आणि भारतातलं आपलं मूळ गाव कोणतं हे बहुधा त्यांना सांगता येत नाही. या लोकांना फ्रेंच नागरिक म्हणून मतदानाचा हक्कसुद्धा सहजी मिळाला नाही. ग्वाडलूपच्या हेन्री सिदांबारॉम यांनी १९०४मध्ये त्यासाठी कोर्टात लढा सुरू केला, तो सुटायला १९२३ उजाडलं.

इतिहास माहीत नसला तरी सुट्ट्या आडव्या येतातच. मार्टिनिकमध्ये २२ मे, ग्वाडलूपमध्ये २७ मे, रेयुनियोंमध्ये २० डिसेंबर हे गुलामगिरी संपल्याचे दिवस. बोट नेमकी त्या दिवशी लागली तर शाम्पू मिळत नाही, ढोल ऐकायला मिळतात.

हिंदी महासागरातल्या रेयुनियोंत बोट ल पोर या मालवाहू बंदरात लागते, राजधानी तिथून वीसेक किलोमीटर. दोन-तीन तास हाताशी असलेल्याने फार लांबचे बेत करू नयेत. ज्वालामुखी बघायला जाण्याची हौस तर नकोच. पण रस्त्यावर समोसा मिळतो, लोणच्याला 'आशार' म्हणतात आणि मिरची-टोमॅटोचं 'रुगाय' भाताबरोबर येतं. बाजारात व्हॅनिलाच्या शेंगांच्या जुड्या. ही वेल मूळ मेक्सिकोची. फ्रेंचांनी ती इथे लावली, पण परागण होईना, शेंग धरेना. १८४१ साली एडमंड अल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी आणि अंगठा वापरून हाताने परागण करण्याची युक्ती शोधली. आज जगभर व्हॅनिलाचं पीक त्याच पद्धतीने घेतलं जातं. अल्बियस मात्र गरिबीतच मेला. बोटीवरच्या पेस्ट्री विभागातल्या मुलांना हे आवर्जून सांगावं, ते रोज त्याचाच माल वापरतात.

आणि मग मॉरिशस. १८१०पर्यंत फ्रेंचांचं, नंतर इंग्रजांचं, १९६८पासून स्वतंत्र. कारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये आणि रस्त्यावर फ्रेंचमधून घडलेली क्रिओल. गाड्या डावीकडून. वेळ भारताच्या फक्त दीड तास मागे. मराठी क्रूसाठी हे बंदर बाकी सगळ्यांपासून वेगळं, कारण इथे मराठी माणसं आहेत, आणि ती दीडेकशे वर्षांहून जुनी आहेत. गुलामगिरी १८३५मध्ये संपताना इथल्या मळेवाल्यांनी करारावर मजूर आणण्याचा प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अॅटलास' जहाजातून आलेले पहिले छत्तीस जण कलकत्त्याहून आले होते. ते होते छोटा नागपूरच्या डोंगरांतले आदिवासी, म्हणजे आपल्या जशपूरला लागून असलेल्या मुलखातले. तात्यापाऱ्यातल्या वाचकाला रत्नागिरीपेक्षा तेच जवळचे. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये. पुढे मुंबई बंदरातूनही जहाजं सुटली आणि त्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूरकडचे लोक होते.

त्यांच्या वंशजांच्या गणेशोत्सवाने मॉरिशसमध्ये इतकी मुळं धरली, की गणेश चतुर्थी तिथे सार्वजनिक सुट्टी आहे. हेन्रिएटा या गावात १८९६मध्ये पहिला सार्वजनिक गणपती बसला असं सांगतात. म्हणजे टिळकांनी पुण्यात सुरुवात केल्यावर दोन-तीन वर्षांतच. उत्सवात 'झाक्री' म्हणतात आणि नाचतात. ही कोकणातली जाखडीच. रत्नागिरीकडच्या मुलाने ती तिथे पाहिली तर पायाचा ठेका त्याला शिकवावा लागणार नाही, फक्त गाणाऱ्यांशी बोलताना मराठी अडखळेल आणि हिंदी सिनेमाच्या भाषेचा आधार घ्यावा लागेल. रायपूरकर मराठी माणसाला या अडखळण्याचं नवल वाटू नये. आपण तरी 'भाजी आणून घे' आणि 'चल रहा है' एका श्वासात बोलतोच.

पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे. १८४९मध्ये बांधलेला मजुरांचा डेपो, २००६पासून जागतिक वारसा. मजूर ज्या दगडी पायऱ्या चढून आत जात त्या शाबूत आहेत. आत गेल्यावर दोन-तीन दिवस नोंदणी, मग मळा. मळ्यावरून बाहेर पडायला पास लागे. १८६७च्या कायद्याने तर करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही स्वतःचा फोटो लावलेला पास सतत बाळगण्याची सक्ती केली, आणि तो जवळ नसला तर भटक्या म्हणून अटक. अॅडॉल्फ द प्लेव्हिट्झ या मळेवाल्याने १८७१मध्ये मजुरांच्या ९,४०१ सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, तेव्हा कुठे चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. आजच्या क्रूच्या गळ्यातल्या कार्डाशी याची तुलना करणं बरोबर होणार नाही: सहा-नऊ महिन्यांच्या करारावर स्वतःहून गेलेला, पगार बँकेत घेणारा मुलगा आणि तो मजूर यांच्यात मोठं अंतर आहे. त्या अंतराचं बरंचसं श्रेय एमएलसीसारख्या नियमांना जातं. नोकरी लावून देण्यासाठी कामगाराकडून पैसे घेण्याला त्यात बंदी आहे, व्हिशाचा खर्चही मालकाने करायचा. तरी डीजी शिपिंगचा परवाना नसलेल्या दलालांना लाखांनी पैसे मोजणारी कुटुंबं आपल्या शहरांत अजून सापडतात. परवानाधारक एजन्सींची यादी डीजी शिपिंगकडे पाहायला मिळते. मुलाचा पासपोर्ट कुणाच्या हातात देण्याआधी ती बघायला दहा मिनिटं लागतात.

त्या जुन्या पासांसाठी काढलेले फोटो आणि मजुरांच्या नोंदवह्या मॉरिशसच्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. नोंदीत नाव, बापाचं नाव, वय, जात, जिल्हा, गाव आणि जहाज. त्यावरून तिथली मराठी घरं आपलं कोकणातलं गाव शोधतात. बोट पोर्ट लुईला दिवसभर थांबणार असेल तर आप्रवासी घाटाला तासभर पुरतो. बंदराजवळच्या कॉडनच्या दुकानांपासून तो चालत गाठता येतो. मोका शहराबाहेर आहे, तिथे जायचं तर दुपारची ड्युटी कुणाशीतरी आदल्या रात्रीच बदलून घ्यावी लागेल.